विश्लेषण : घरावरचा सिमेंटचा पत्रा ठेवायचा की काढायचा?

पन्नासहून अधिक देशांनी अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे. भारतात मात्र तो लाखो घरांच्या, गोठ्यांच्या आणि शाळांच्या डोक्यावर आहे. धोका नेमका कुणाला, किती आणि केव्हा?

पुणे-सातारा महामार्गावर नीरा नदीचा पूल ओलांडण्याआधी सारोळे लागते. नदीपलीकडे शिरवळ, म्हणजे सातारा जिल्हा. मे महिना संपत आला की भोर-वेल्ह्याच्या या पट्ट्यात छपरांची कामे निघतात. कुणी गळकी पडवी दुरुस्त करतो, कुणी गोठा वाढवतो, कुणी कौले उतरवून पत्रा टाकतो. एकेकाळी या दिवसांत कौलांची शाकारणी व्हायची. आता टेम्पोतून राखाडी पन्हळी पत्रे उतरतात आणि दुपारभर ग्राइंडरचा आवाज येत राहतो. गावात त्याला 'सिमेंटचा पत्रा' म्हणतात. नावात सिमेंट असले तरी वादाचा विषय त्यातला दहावा हिस्सा आहे.

पत्र्यात नेमके काय असते?

अ‍ॅस्बेस्टॉस हा कारखान्यात बनवलेला पदार्थ नाही. ते खाणीतून निघणारे तंतुमय खनिज आहे. या नावाखाली सहा खनिजे येतात. त्यांपैकी पांढरे (क्रायसोटाइल), तपकिरी (अ‍ॅमोसाइट) आणि निळे (क्रोसिडोलाइट) ही तीन उद्योगांत जास्त वापरली गेली. आज भारतात येते ते पांढरे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लुडविग हाट्शेक या ऑस्ट्रियन उद्योजकाने हे तंतू सिमेंटमध्ये मिसळून पातळ पत्रे काढण्याची पद्धत शोधली. आजही मूळ पद्धत तीच आहे. पत्र्यात साधारण आठ ते दहा टक्के अ‍ॅस्बेस्टॉस असते, बाकी सिमेंट आणि राख. काँक्रीटमध्ये लोखंडी सळई जे काम करते तेच काम इथे हे तंतू करतात. नुसत्या सिमेंटचा सहा मिलिमीटरचा पत्रा हातात उचलताच तुकडे होईल.

एक ढोबळ हिशेब करून पाहता येतो. पाचशे चौरस फुटांच्या घराला उतार आणि जोडाचा भाग धरून साधारण ५५ चौरस मीटर पत्रा लागतो. चौरस मीटरला १३ किलो वजन धरले तर छपराचे वजन सातशे किलोच्या आसपास जाते. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस साठ-सत्तर किलो. ते सिमेंटमध्ये पक्के बसलेले असेपर्यंत फारसा प्रश्न नसतो. प्रश्न ते मोकळे होण्याचा आहे.

मग लोक तो घेतात कशासाठी?

कारण तो कामाचा आहे. हे मान्य केल्याशिवाय या विषयावर बोलणे म्हणजे शहरात स्लॅबखाली बसून गावाला उपदेश करण्यासारखे होते.

सह्याद्रीच्या बाजूला कौलारू घर राखणे दिवसेंदिवस अवघड झाले आहे. वानरे आणि माकडे छपरावर उड्या मारतात, कौले फुटतात. दरवर्षी शाकारणी करणारी माणसे मिळत नाहीत आणि मिळाली तरी मजुरी परवडत नाही. कौलांखाली लागणारे वासे-रिपांचे लाकूडही महाग. लोखंडी पत्रा हलका आणि सोपा, पण गोठ्यात किंवा कोंबड्यांच्या शेडमध्ये मूत्र-विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाने तो लवकर गंजतो. सिमेंटचा पत्रा गंजत नाही, त्याला वाळवी लागत नाही, तो पेट घेत नाही. वजनाने जड असल्याने पावसाचा ताशा कमी वाजतो. पहाटेच्या थंडीत लोखंडी पत्र्याला आतून सुटतो तसा घामही त्याला कमी सुटतो. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घरकुलासाठी सपाट भागात केंद्राच्या निकषाने १ लाख २० हजार रुपये मिळतात. एवढ्या रकमेत भिंती उभ्या राहिल्यावर छपराला किती उरते, हे घरकुल बांधलेल्या कुणालाही विचारावे.

एक गैरसमज मात्र बाजूला काढायला हवा. 'सिमेंटचा पत्रा थंड राहतो' असे सर्रास सांगितले जाते. हा पदार्थ लोखंडापेक्षा उष्णता फार कमी वाहून नेतो हे खरे. पण सहा मिलिमीटर जाडीत तो गुण दिसायला जागाच उरत नाही. छप्पर किती तापते हे जास्त करून पृष्ठभागाच्या रंगावर आणि खाली हवा खेळण्यावर ठरते. नवा राखाडी पत्रा चार-पाच पावसाळ्यांत शेवाळाने काळवंडतो आणि उन्हाळ्यात चांगलाच भाजतो. वरून पांढरा रंग दिला तर त्याने पडणारा फरक पत्रा कशाचा आहे यापेक्षा मोठा असतो.

दुसरी मर्यादा जास्त गंभीर आहे. हा पत्रा ठिसूळ असतो. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ आले तेव्हा कोकणापासून पुणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यापर्यंत छपरे उडाली आणि फुटली. वादळ नसतानाही, गळती बुजवायला वर चढलेला माणूस पत्र्यातून थेट खाली येतो. असे अपघात नवे नाहीत. जुना पत्रा खालून धड दिसतो, वजन पडताच मोडतो. कर्करोगाला वीस-तीस वर्षे लागतात, या अपघाताला एक पाऊल पुरते. पत्र्यावर कधीही थेट पाय ठेवू नये. दोन-तीन कैच्यांवर टेकेल अशी लांब फळी किंवा शिडी आडवी टाकूनच काम करावे.

फुप्फुसात काय घडते?

अ‍ॅस्बेस्टॉसचा तंतू उभा चिरत जातो, त्यामुळे तो केसापेक्षा कितीतरी पटींनी बारीक होऊ शकतो. डोळ्यांना दिसत नाही, वास येत नाही, ठसका लागत नाही. श्वासाबरोबर तो फुप्फुसाच्या खोल भागात जातो. शरीरातील पांढऱ्या पेशी तो गिळून टाकायचा प्रयत्न करतात, पण लांब तंतू त्यांच्या पोटात मावत नाही. हा अयशस्वी झगडा वर्षानुवर्षे चालतो आणि त्या जागी सूज व व्रण राहतो.

त्यातून प्रामुख्याने तीन आजार उद्‍भवतात. अ‍ॅस्बेस्टॉसिसमध्ये फुप्फुस कडक होत जाते आणि चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. हा बहुतांशी जास्त धूळ दीर्घकाळ खाल्लेल्या कामगारांचा आजार. दुसरा फुप्फुसाचा कर्करोग. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला अ‍ॅस्बेस्टॉसचीही धूळ मिळाली की हा धोका नुसता वाढत नाही, अनेक पटींनी चढतो. तिसरा मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या अस्तराचा कर्करोग. तो दुर्मीळ आहे, पण झाल्यास बरा होण्याची शक्यता अत्यंत कमी. धुळीशी संबंध आल्यापासून तो दिसेपर्यंत वीस ते पन्नास वर्षे जातात.

'चाळीस वर्षे पत्र्याखाली राहतोय, कुणाला काही झाले नाही' हा युक्तिवाद म्हणूनच अपुरा पडतो. तो पूर्ण चुकीचाही नाही. अखंड पत्र्याखाली राहणाऱ्यांचा धोका कारखान्यातील कामगारांच्या तुलनेत खूपच कमी आहे. पण ज्याने तारुण्यात पत्रे कापले त्याला साठीत धाप लागली, तर तो दोष तंबाखूला किंवा वयाला जातो. ग्रामीण रुग्णालयात आलेल्या खोकल्याच्या रुग्णाला आधी क्षयरोगाच्या तपासणीला पाठवले जाते आणि ते योग्यच आहे. मात्र 'पूर्वी काय काम करत होता' हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. विचारले नाही म्हणून नोंद नाही आणि नोंद नाही म्हणून आजार नाही, असे हे चक्र आहे.

१९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमाच्या ३३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यात खाणकामगार होते, तसेच केवळ खाण परिसरात वाढलेली माणसेही होती. तेव्हापासून हा आजार फक्त कामगारांचा मानता येत नाही.

पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस सुरक्षित आहे का?

उद्योगाची मुख्य बाजू इथे आहे. निळे व तपकिरी तंतू सुईसारखे ताठ असतात आणि फुप्फुसात दशकानुदशके टिकतात. पांढरा तंतू नागमोडी असतो आणि तुलनेने लवकर विरघळतो. त्यामुळे तो नियंत्रित पद्धतीने, सिमेंटमध्ये बांधून वापरल्यास धोका नाही, असे उत्पादक म्हणतात.

यातला पहिला भाग विज्ञानाला धरून आहे. मेसोथेलिओमाच्या बाबतीत पांढरा तंतू निळ्यापेक्षा कमी घातक असल्याचे पुरावे आहेत. पण 'कमी घातक' म्हणजे 'सुरक्षित' नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पांढऱ्यासह सर्व प्रकार पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारे म्हणून नोंदवले आहेत. कामाच्या ठिकाणी आलेल्या अ‍ॅस्बेस्टॉसमुळे जगभरात दरवर्षी दोन लाखांहून अधिक मृत्यू होतात, असा संघटनेचा अंदाज आहे.

दुसरा भाग, 'नियंत्रित वापर', कारखान्याच्या दारापर्यंत कदाचित शक्य आहे. पत्रा टेम्पोत चढला की नियंत्रण संपते. सारोळ्याजवळच्या एखाद्या वस्तीवर पत्रा बसवणारा मिस्त्री तो पाण्याने भिजवून हातकरवतीने कापेल की ग्राइंडर लावेल? भारतीय मानक ब्युरोची मार्गदर्शक मानके आहेत, वेष्टनावर इशाऱ्याची खूणही असते. पण ती खूण सुटा पत्रा विकत घेणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. ग्राइंडरच्या एका कापात उडणारी धूळ मिस्त्रीच्या तोंडासमोरच असते आणि त्याच्यासाठी ते वर्षाचे दोनशे दिवसांचे काम आहे. घरमालकाची छपराशी गाठ आयुष्यात दोनदा पडते, मिस्त्रीची रोज.

महाराष्ट्राचा अनुभव काय सांगतो?

मुंबईत मुलुंड-घाटकोपर परिसरात अनेक दशके अ‍ॅस्बेस्टॉसचे कारखाने चालले. पत्रे, ब्रेक लायनिंग, दोर, कापड असा माल तिथे निघे. डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी मुंबईतील एका अ‍ॅस्बेस्टॉस गिरणीच्या कामगारांची तपासणी करून २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपासलेल्या १८१ कामगारांपैकी ४१ जणांना, म्हणजे २३ टक्क्यांना, अ‍ॅस्बेस्टॉसिस आढळला. हे सर्व दहा वर्षांहून अधिक काळ काम केलेले कामगार होते. कामगार संघटना आणि डॉक्टर एकत्र आले म्हणून हा आकडा पुढे आला.

कायदा काय म्हणतो?

२७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या याचिकेवर महत्त्वाचा निकाल दिला. कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत अधिकाराचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. प्रत्येक अ‍ॅस्बेस्टॉस कामगाराची आरोग्य नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपावी, आणि आजार सिद्ध झालेल्यांना एक लाख रुपये भरपाई द्यावी, असे आदेश झाले. संपूर्ण बंदीची मागणी करणारी दुसरी याचिका मात्र न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये फेटाळली.

देशात अ‍ॅस्बेस्टॉसचे खाणकाम जवळपास थांबले आहे, कारण सरकारनेच १९८६ मध्ये नवे खाणपट्टे देणे बंद केले. आयातीला मात्र मोकळीक आहे. दरवर्षी लाखो टन कच्चा माल येतो, बहुतांश रशियातून, शिवाय कझाकस्तान आणि ब्राझीलमधून. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्वतःच्या देशात त्याचा वापर बंद केला, तरी निर्यात सुरू राहिली. आपल्या मातीतून काढायला नको, दुसऱ्याच्या मातीतून आणलेले चालेल, असा हा व्यवहार आहे. याउलट २००५ च्या अखेरीस फ्रान्सने 'क्लेमांसो' ही जुनी युद्धनौका गुजरातेत अलंगला तोडायला पाठवली, तेव्हा तिच्यातील अ‍ॅस्बेस्टॉसवरून वाद पेटला आणि तिला माघारी बोलवावे लागले.

युरोपीय संघात २००५ पासून पूर्ण बंदी आहे. ऑस्ट्रेलियात २००३ अखेर, नेपाळमध्ये २०१५ पासून, तर एकेकाळी जगाला पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस पुरवणाऱ्या कॅनडात २०१८ अखेर बंदी आली. धोकादायक रसायनांच्या व्यापारासाठीच्या रॉटरडॅम करारात पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसचा समावेश मात्र काही देशांच्या विरोधामुळे वारंवार अडला. २०११ मध्ये भारताने समावेशाला पाठिंबा दिला होता, २०१३ मध्ये भूमिका बदलली. या यादीत नाव आले तरी बंदी येत नाही. निर्यातदाराने आयात करणाऱ्या देशाला आधी माहिती देऊन संमती घ्यावी, एवढाच तिचा अर्थ. तेवढेही झाले नाही.

घरावर पत्रा असेल तर काय करावे?

पत्रा अखंड असेल तर घाईने काढू नये. काढताना उडणारी धूळ अनेकदा तो तसाच राहण्यापेक्षा जास्त असते. न फुटलेल्या, टणक पत्र्याला रंगाचा थर देऊन पृष्ठभाग बंद करणे हा स्वस्त आणि शहाणपणाचा उपाय आहे. रंगापूर्वी तारेच्या ब्रशने शेवाळ घासणे किंवा जोरदार फवाऱ्याने धुणे मात्र टाळावे. शेवाळाबरोबर सिमेंटचा वरचा थर निघतो आणि खालचे तंतू उघडे पडतात.

बोट फिरवल्यावर पीठ येत असेल, कडा केसाळ दिसत असतील किंवा तडे गेले असतील, तर पत्रा बदलायची वेळ आली. पावसाचे पाणी सिमेंट हळूहळू झिजवते, त्यामुळे पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे छप्पर नीट तपासावे. पन्हळीखाली साचलेल्या गाळातही तंतू असतात. तो कोरडा झाडू नये, ओला करून उचलावा.

काढताना पत्रा आधी साबणाच्या पाण्याने भिजवतात. पण ओला पत्रा निसरडा होतो, म्हणून शक्य तिथे खालून मचाण बांधून काम करणे बरे. बोल्ट गंजला असेल तर बोल्ट कापावा, पत्रा फोडू नये. पत्रा वरून टाकून देणे ही सर्वांत वाईट पद्धत आणि सर्वांत प्रचलितही. तोंडाला बांधलेला रुमाल निरुपयोगी असतो. परदेशात यासाठी एफएफपी-३ किंवा पी-१०० दर्जाचा मास्क वापरतात. एन-९५ त्याच्या खालचा आहे, तरी रुमालापेक्षा कितीतरी चांगला. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळून धुऊ नयेत. कामगारांच्या बायकांना धुळकट कपडे झटकण्यातून हा आजार झाल्याची उदाहरणे अनेक देशांत नोंदली गेली आहेत.

पर्याय आहेत का?

आहेत, पण फुकट नाहीत. सिमेंटचाच, पण अ‍ॅस्बेस्टॉसऐवजी कृत्रिम धागे आणि लाकडाचा लगदा घातलेला पत्रा भारतात बनतो. तो महाग पडतो आणि तालुक्याच्या दुकानात मागितल्याशिवाय दिसत नाही. रंगीत लोखंडी पत्रा सर्वत्र मिळतो. त्याखाली उष्णतारोधक थर घातला तर खर्च वाढतो, आवाज आणि ऊन दोन्ही कमी होते. बंगळूरूच्या प्लायवूड संशोधन संस्थेने बांबूच्या चटयांचा पन्हळी पत्राही विकसित केला आहे. नवा पत्रा घेताना त्यावरचा आयएसआय क्रमांक वाचावा. 'आयएस ४५९' हे अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटच्या पन्हळी पत्र्याचे मानक आहे. हा आकडा दिसला की आत काय आहे, हे दुकानदाराला विचारावे लागत नाही.

काढलेला पत्रा जातो कुठे?

सर्वांत कमी चर्चा याच प्रश्नाची होते. धोकादायक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत अ‍ॅस्बेस्टॉसचा उल्लेख आहे, पण तो कारखान्यातून निघणाऱ्या कचऱ्याच्या संदर्भात. पुणे जिल्ह्यात असा कचरा शास्त्रीय पद्धतीने पुरण्याची सोय रांजणगाव औद्योगिक वसाहतीत आहे. सारोळ्यातल्या शेतकऱ्याने वीस फुटके पत्रे घेऊन तिथे जावे, ही कल्पनाच व्यवहाराला धरून नाही.

त्यामुळे धड पत्रे जुन्या बाजारात विकले जातात किंवा गोठ्यावर चढतात. अर्धे तुकडे कोंबड्यांच्या खुराड्यावर, सरपणाच्या ढिगावर, पाण्याच्या टाकीवर जातात. उरलेला चुरा अंगणात किंवा शेतरस्त्याच्या खड्ड्यात भर म्हणून टाकला जातो आणि त्यावरून ट्रॅक्टर फिरतो. इटलीतल्या कासाले मोनफेराटो या गावात नेमके हेच झाले होते. तिथल्या अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंट कारखान्याचा टाकाऊ माल लोकांनी रस्त्यांना आणि माळ्यांना वापरला. कारखाना १९८६ मध्ये बंद पडला, पण कधीही कारखान्यात पाऊल न टाकलेल्या रहिवाशांना मेसोथेलिओमा होणे त्यानंतरही सुरू राहिले.

पोलंडच्या खेड्यांतही असेच राखाडी पन्हळी पत्रे होते. त्या देशाने घरोघरचे पत्रे मोजून नोंदवहीत आणले आणि २०३२ पर्यंत सर्व काढण्याचा कार्यक्रम हाती घेतला. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत छपराची नोंद करताना 'जस्ताचा, धातूचा किंवा अ‍ॅस्बेस्टॉसचा पत्रा' असा एकच रकाना होता. देशातील सुमारे १६ टक्के घरे त्या रकान्यात आली. त्यांतली लोखंडी किती आणि अ‍ॅस्बेस्टॉसची किती, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही.